सोमवारची अंघोळ

अंघोळ ही एकट्याने करायची गोष्टच नाही, असं ठाम मत असलेल्या एकाच बाईला मी आयुष्यात ओळखते, आणि मी त्यांची भाडेकरू होते. दुबईत ऊद मेथाला त्यांचा दोन बेडरूमचा फ्लॅट होता. त्यातली एक खोली त्यांनी मला आणि समीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दिली होती. लग्नाला चार महिने झालेले, पुण्याहून नुकते आलेलो. पहिल्याच सकाळी मी बाथरूममधून बाहेर पडले तर आंटी दारातच उभ्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "सात मिनिटं. ही अंघोळ झाली? हे तर नुसतं अंग ओलं करणं झालं गो."

मी कसनुसं हसले आणि खोलीत जाऊन समीरला म्हटलं, "हे प्रकरण भलतंच दिसतंय." तो म्हणाला, "माझी पाच मिनिटांत होते. मला काय म्हणतील?" त्याला त्या काही म्हणाल्या नाहीत. पुरुषांच्या अंघोळीबद्दल त्यांना मुळात कसली आशाच नव्हती.

आंटी वसईच्या. चोविसाव्या वर्षी दुबईला आल्या त्या तिथल्याच झाल्या. देरा भागातल्या एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर होत्या. लग्न केलं नव्हतं. "तीन भावांची लग्नं लावली, त्यातच हौस फिटली," असं सांगायच्या आणि विषय संपवायच्या. दिवसभर हॉटेलात चादरी-टॉवेल बघून कुणालाही कपड्यांचा वीट आला असता. या घरी येऊन पुन्हा इस्त्री लावायच्या. फडकी, मोजे, उशांचे अभ्रे, पोळ्यांच्या डब्यातलं कापड, सगळं इस्त्रीचं. समीरचं बनियनसुद्धा एकदा दोरीवरून उचलून त्यांनी असं कडक केलं की बिचारा मीटिंगमध्ये खांदे उडवत बसला होता. तेव्हापासून तो बनियन बॅगेत लपवायचा, आणि आंटी ती शोधून काढायच्या.

मेट्रोत तर मला त्यांच्याबरोबर जायची धास्तीच वाटायची. बायकांच्या डब्यात समोर एखादीच्या टॉपचं लेबल मानेपाशी बाहेर आलेलं दिसलं की आंटी सरळ हात घालून ते आत सरकवायच्या. ती बाई दचकून मागे वळायची. आंटी शांतपणे, "दिसत होतं." फिलिपिनो, सुदानी, मल्याळी, कुणीही असो, सांगायच्या मराठीतच. आश्चर्य म्हणजे बायका थँक्यू म्हणायच्या. मी मात्र दुसऱ्या बाजूला तोंड करून दुबईच्या इमारती मोजत असायचे.

दर दुसऱ्या सोमवारी त्यांची सुट्टी असायची, आणि त्या दिवशी त्या हमामात जायच्या. मॉलमधल्या मेणबत्त्या लावलेल्या स्पामध्ये नव्हे. देऱ्यात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, खाली सुटे भाग विकणारी दुकानं, वर खिडक्यांना आतून कागद चिकटवलेले, दारावर फक्त अरबी पाटी. बायकांचा हमाम, म्हणजे वाफेचं न्हाणीघर. मोरोक्कोच्या दोघीजणी तो चालवायच्या. त्यातली खदीजा आंटींच्याच वयाची, दांडगी, दंडाला चांगली मजबूत. "शुक्रवारी फादरकडे जाऊन मन धुवायचं, सोमवारी खदीजाकडे जाऊन अंग. मग पंधरा दिवस बघायला नको," हे आंटींचं वेळापत्रक.

जाताना त्यांची एक पिशवी असायची. तीत घरचा पितळी तांब्या. हमामातली प्लास्टिकची तसराळी त्यांना चालत नसत. "प्लास्टिकने पाणी घेतलं की कुत्र्याला धुतल्यागत वाटतं," म्हणायच्या. शिवाय थर्मासमध्ये कोरा चहा, खदीजासाठी घरी केलेली नानकटाई, आणि अर्थात इस्त्री केलेला टॉवेल.

त्यांनी मला पहिल्यांदा ओढून नेलं तेव्हा मी जिन्यातच अडून बसले होते. एक तर अंघोळीला पैसे देणं हेच माझ्या पुणेरी डोक्यात शिरत नव्हतं. शंभर दिरहम म्हटल्यावर मी तिथल्या तिथे रुपये केले आणि मला घामच फुटला. वर कपडे काढायचे. "सगळे?" मी विचारलं.

"नाय, स्वेटर घालून बस," आंटी म्हणाल्या. "गो, आत सगळ्या सारख्याच असतात. कुणाकडे जास्तीचं काही नसतं. यल्ला, चल."

आत वाफेने काही दिसत नव्हतं ते एक बरं होतं. गरम दगडी ओटा. त्यावर मला पालथं घालून खदीजाने काळा, बुळबुळीत साबण फासला, वीस मिनिटं तसंच ठेवलं, आणि मग हातात खरखरीत हातमोजा चढवून घासायला सुरुवात केली. आईशप्पथ, मला वाटलं ही माझं सोलाणं करतेय. जरा वेळाने तिने माझा दंड माझ्याच नाकासमोर धरला. त्यावर करड्या मळाच्या शेवया लोंबत होत्या. मी रोज दोनदा अंघोळ करणारी मुलगी! मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलीकडच्या ओट्यावरून आंटींचा समाधानाने भरलेला आवाज आला, "पुण्याचा आहे तो. दुबईचा एवढ्यात साठत नाही."

हमामात आंटींचे नियम होते. फोन आणायचा नाही. घाई करायची नाही. आणि नवऱ्याचं नाव काढायचं नाही. "त्याला कशाला फुकटची वाफ?" पण गप्पा मात्र भरपूर. आंटी खदीजाशी मराठीत बोलायच्या आणि खदीजा आंटींशी तिच्या अरबीत. दोघींना एकमेकींची भाषा 'खलास', 'इन्शाल्ला' याच्यापलीकडे येत नव्हती, आणि हे वीस वर्षं बिनबोभाट चाललं होतं. एकदा आंटी वसईच्या भावजयीबद्दल तावातावाने सांगत होत्या. आईच्या घरातली जांभळ्या रंगाची खोली भावजयीने न विचारता पिस्ता केली होती. खदीजा मान हलवत, मधेच छातीवर हात ठेवत ऐकत होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तिला काय कळतं यातलं?"

आंटी म्हणाल्या, "का? तिला भावजय नाही काय?"

आता आंटी वसईला परत गेल्या आहेत. पिस्ता खोलीतच राहतात. व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न मला, "अंघोळ केलीस का?" माझी मुलगी इरा आता आठ वर्षांची आहे. ती स्क्रीनसमोर नाक मुरडून "आय टुक अ शॉवर, आंटी!" म्हणते. त्यावर आंटी वसईतून ओरडतात, "शॉवर नको सांगू मला!" आणि दोघी खिदळतात. त्या दोघींचं एकमेकींशी जे आहे त्यात मी कधी पडत नाही, कारण इराच्या आयुष्यातले पहिले चाळीस दिवस आंटींनी सांभाळले, मी नाही. ते सांगायचं तर मला माझ्याबद्दलही थोडं सांगावं लागेल, आणि ते मला आजही जड जातं.

इरा दुबईतच झाली. माझी आई यायची होती. तिकीट काढलेलं होतं, मेथीचे लाडू बांधलेले होते. आठ दिवस आधी बाबांना हार्ट अटॅक आला, बायपास झाली, आणि आईचं येणं राहिलं. सासूबाई नाशिकला, पण विमानात पाऊल ठेवणार नाही म्हणून आयुष्यभर हटून बसलेल्या. डिलिव्हरी सुरळीत झाली. सगळे म्हणाले, किती छान, किती नाजूक. मी त्या गुंडाळलेल्या जिवाकडे बघत होते आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. मला वाटलं, दोन दिवसांत वाटेल. पंधरा दिवस झाले तरी नाही. घड्याळ लावून दूध पाजायचे आणि कुणाच्या तरी हातात देऊन टाकायचे. ती रडायला लागली की मी कानावर उशी दाबून पडायचे. कुणाचं तरी बाळ माझ्याकडे राहायला ठेवलंय, न्यायला कधी येतात, असं वाटायचं. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. काय तोंडाने सांगणार?

ते 'कुणाच्या तरी हातात' म्हणजे आंटींच्या हातात. भाडेकरूंचं बाळ, त्यांना काय पडलं होतं! पण त्यांनी हॉटेलात भांडून दुपारची ड्यूटी मागून घेतली, आणि सकाळी समीर ऑफिसला गेला की त्या बाळ उचलायच्या ते त्यांची बस येईपर्यंत. लंगोटांना इस्त्री करायच्या. इरा त्यांच्या खांद्यावर टाकली की मिनिटात गप्प व्हायची, माझ्याकडे दिली की ताठ व्हायची. आंटी कधी म्हणाल्या नाहीत की तू घे. एवढंच विचारायच्या, "जेवलीस का? केस विंचरलेस का?"

मग सासूबाईंनी फोनवर सुचवलं, बाळाला सहा महिने माझ्याकडे नाशिकला ठेवा, पासपोर्ट आला की समीर आणून सोडेल. समीर माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं मी आकाशपाताळ एक करीन. मी म्हटलं, "हो, चालेल." आंटी तिथेच इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री उभी केली, प्लग काढला आणि स्वयंपाकघरात जाऊन पुण्याला माझ्या आईला फोन लावला. तिथून पुढे आठवडाभर त्या दोघींचं जे चाललं ते ऐकण्यासारखं होतं.

"बाळंतिणीची अंघोळ झाली नाही तिची," हे आंटींचं निदान. "अंग शेकलं नाही, तेल लागलं नाही, कुणी हात लावला नाही. कसं वाटेल तिला?" आईला ते पटलं; पण आंटींना स्वतःला बाळंतपणातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मग आई सांगायची आणि आंटी लिहून घ्यायच्या. तेलावरून जुंपली. आई म्हणे तिळाचं, आंटी म्हणत खोबरेल. "अहो, वसईला चालत असेल," आई म्हणाली. "तुमच्या पुण्यात नारळच होत नाही, तुम्हाला काय ठाऊक," आंटी म्हणाल्या. शेवटी दोन्ही मिसळायचं ठरलं. आणि धुरी द्यायचीच, यावर दोघींचं एकमत झालं. निखाऱ्यावर ओवा, शेपा, वावडिंग, लसणाची सालं टाकून त्या धुरावर बाळंतिणीला बसवायचं. आईने तिच्या दोन्ही बाळंतपणांत घेतली होती.

दुबईतल्या अकरा मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर धुरी! मला विरोध करण्याइतकं त्राण नव्हतं. समीर ऑफिसला. आंटींनी बाल्कनीतली वेताची खुर्ची हॉलमध्ये आणली, खाली घमेल्यात बखूरसाठी, म्हणजे तिथल्या धुपासाठी, मिळतात ते कोळसे पेटवले, मला गाऊन घालून, डोक्याला फडकं बांधून वर बसवलं. आई मिक्सरला टेकवलेल्या फोनमधून बघत होती. "निखारे फुलू द्या हो आधी," ती ओरडली.

"फुलले, फुलले. तुमच्यापेक्षा जास्त फुलले," म्हणत आंटींनी अख्खी मूठ टाकली.

छताला लावलेल्या, धूर ओळखणाऱ्या पांढऱ्या डबीचा विचार दोघींपैकी एकीनेही केला नव्हता. पहिल्यांदा आमच्या हॉलमध्ये शिट्टी वाजली, मग कॉरिडॉरमध्ये, मग सगळ्या इमारतीत भोंगे सुरू झाले. लिफ्ट बंद. "मी म्हटलं नव्हतं जास्त टाकू नका!" आई फोनमधून. आंटींनी घमेलं सिंकमध्ये उलटं केलं, बाळ उचललं, मला दंडाला धरलं आणि आम्ही जिन्याने खाली. रस्त्यावर सगळी बिल्डिंग जमलेली. कुणी साबण लावलेल्या तोंडाने, कुणी हातात भाताचा डाव घेऊन. अग्निशमन दलाची गाडी आली. आंटींच्या अंगाला ओव्याचा घमघमाट, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गाडीतला तरुण अधिकारी इमाराती होता. आईच्या वयाच्या बाईला तिकडे म्हणतात तसं मामा म्हणून त्याने हिंदीत विचारलं, "मामा, क्या जलाया?" आंटी ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "बाळंतीण है ये. इसको देना पडता है." त्या पोराने वास घेतला, आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. म्हणाला, माझी आजी पण करायची, माझ्या बहिणीच्या वेळी, पण तिचं घर होतं, अंगण होतं. "बिल्डिंग में ममनू, मामा. बिलकुल मना है." आंटींनी शाळेतल्या मुलीसारखी मान हलवली. आजूबाजूचे लोक हसायला लागले. एक फिलिपिनो नर्स, वरच्या मजल्यावरची, बाळाच्या टोपीला हात लावून कौतुकाने म्हणाली, "हूज बेबी?"

मी तिच्या अगदी जवळ होते. मला ऐकू आलं, आणि मी काही बोलले नाही. आंटी माझ्याकडे बघत होत्या. मग त्याच म्हणाल्या, "हर्स. शी इज द मदर. ओन्ली टायर्ड." घरी गेल्यावर मला स्वतःची इतकी किळस आली की मी दोन दिवस आंटींच्या नजरेला नजर दिली नाही.

त्या मात्र कामाला लागल्या होत्या. "खलास. घरात नाही, तर हमामात," एवढंच म्हणाल्या. खदीजाला जाऊन भेटल्या. कुठल्या भाषेत सांगितलं देव जाणे, पण खदीजाने पहिला प्रश्न केला तो किती दिवस झाले हाच. आमचा सव्वा महिना, त्यांचे चाळीस दिवस. दोन-तीन दिवसांवरून कशाला वाद घाला म्हणून आंटींनी चाळीस मान्य केले. चाळिसावा दिवस नेमका सोमवार होता. डॉक्टरांना विचारून झालं होतं. बाळाच्या पासपोर्टचा मेसेज त्याच्या आदल्या दिवशी आला होता, आणि समीर नाशिकची तारीख बघत होता.

त्या सोमवारी आंटी आत आल्या नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदा. त्या बाहेरच्या खोलीत, जिथे बायका केस वाळवत बसतात तिथे, बाळाला घेऊन बसल्या. तेलाची बाटली आणि ओव्या-शेपांची पुडी त्यांनी खदीजाकडे दिली आणि मला म्हणाल्या, "जा. आज तुला काही करायचं नाही. नुसतं पडून राहायचं."

खदीजाने मला ओट्यावर निजवलं. मला तेल लावलं, डोक्यापासून टाचेपर्यंत, पोट हळूहळू वर ओढत, कंबर दाबत. तिचे हात नेहमीसारखे रांगडे नव्हते. मग एका लाकडी स्टुलावर बसवून, खाली तिचं उदाचं भांडं ठेवून त्यात आंटींची पुडी टाकली. ओव्याचा धूर वाफेत मिसळला. कसलाही भोंगा वाजला नाही. मग गरम पाणी. मला तिने समोर खाली बसवलं, माझं डोकं तिच्या मांडीशी टेकवलं, आणि केसांवरून पाणी ओतताना दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या कपाळावर आडवा धरला. डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून.

तसा हात माझ्या कपाळावर मी सात-आठ वर्षांची असेपर्यंत असायचा. मी रडायला लागले. मुळुमुळू नव्हे, भोकाड पसरून. मला आई हवी होती. चाळीस दिवस मला फक्त माझी आई हवी होती, आणि सगळे मला सांगत होते की आता तूच आई आहेस. खदीजा पाणी ओतत राहिली, तोंडाने 'श्श, श्श' करत, आणि तो हात तिने कपाळावरून काढला नाही. किती वेळ रडले ते मला सांगता येणार नाही.

मी थांबले तेव्हा बाहेरून रडणं ऐकू आलं. आधी मला वाटलं माझंच. मग कळलं, इरा. तिला भूक लागली होती. मला घड्याळ न बघता कळलं, कारण माझी छाती भरून आली आणि दूध आपोआप वाहायला लागलं. मी तशीच उठले. खदीजा मागून "श्वैय्या, श्वैय्या," जरा थांब, म्हणत टॉवेल घेऊन धावली. केसांतून तेल-पाणी गळत मी बाहेरच्या खोलीत आले.

आंटी बाळाला छातीशी धरून येरझाऱ्या घालत होत्या. मला बघून थांबल्या.

"झालीच गप्प. तू केस पूस आधी," त्या म्हणाल्या. ती गप्प झाली नव्हती, चांगली कोकलत होती. आंटींनी तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "गारठशील गो. मी बघते ना."

"आंटी, द्या तिला माझ्याकडे," मी म्हटलं.

हे मी पहिल्यांदा म्हणत होते, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. आंटींनी बाळाच्या डोक्यावरची टोपी सारखी केली. झबल्याचा बंद पुन्हा बांधला. मग पुढे होऊन तिला माझ्या ओल्या हातांत ठेवलं. मी कोचावर बसले, तिला घेतलं. ती चुकुचुकु प्यायला लागली, मूठ माझ्या गळ्याशी आवळून. मी तिचे कान बघितले, पापण्या बघितल्या. अगं बाई, ही माझ्या बाबांसारखी दिसते, आणि मला चाळीस दिवस दिसलंच नव्हतं! माझी होती ती. नाशिकला काय, मी तिला शेजारच्या खोलीतसुद्धा पाठवणार नव्हते.

बऱ्याच वेळाने वर पाहिलं तर आंटी तिथेच, खोलीच्या मधोमध उभ्या. हात तसेच छातीशी दुमडलेले, आणि त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर संथपणे डुलत होत्या.

"आंटी," मी हळूच म्हटलं, "बाळ माझ्याकडे आहे."

"मला दिसत नाही काय?" त्या म्हणाल्या. डुलणं थांबलं नव्हतं. "त्यासाठीच तर आणलं तुला."